सोबिरजोनची सरकारी गाप

कर्नल तुलकिन परदेशातून एक प्रशिक्षण उरकून आले आणि त्या ऑफिसातल्या सुखी आयुष्याला दृष्ट लागली.

‘ते ऑफिस’ एवढंच म्हणायचं. ताश्कंदमध्ये त्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. घ्यायची वेळ आलीच तर माणसं हनुवटी किंचित उचलून छताकडे बघतात, आणि ऐकणाऱ्याला काय ते कळतं. देशाच्या गुप्त बातम्या तिथे गोळा होतात म्हणे. गोळा होतात हे खरं. पण पुढे त्यांचं काय होतं हे आतल्या माणसांनाही ठाऊक नव्हतं, कारण प्रत्येक विभाग आपल्या बातम्या शेजारच्या विभागापासून लपवण्यात गुंतलेला असे. शत्रूपासून लपवायला वेळच उरत नसे.

कर्नलसाहेबांनी सभा बोलावली आणि सुधारणेच्या तीन गोष्टी सांगितल्या. माणसं वाढवायची, त्यांना तरबेज करायचं, आणि माहिती एकमेकांना सांगायची. पहिल्या दोन गोष्टींना पाचही विभागप्रमुखांनी माना डोलावल्या. तिसरी ऐकल्यावर मात्र कुणीतरी खिडकी लावून घेतली.

“एकमेकांना म्हणजे... कोणाला?” एका प्रमुखांनी विचारलं.

“म्हणजे तुम्ही यांना, यांनी तुम्हाला.”

“पण साहेब, मग ती गुप्त कशी राहील?”

याचं उत्तर परदेशातल्या प्रशिक्षणात दिलेलं नसावं. कर्नलसाहेब गोरेमोरे होऊन जबाबदारी कुणाच्या गळ्यात घालावी म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. नेमका त्याच वेळी मागच्या रांगेत सोबिरजोन शिंकला.

“सोबिरजोन, काही म्हणालात?”

“नाही साहेब. शिंकलो.”

“उत्तम. तिन्ही गोष्टी तुमच्याकडे.”

सोबिरजोन प्रशिक्षण शाखेचा मुख्य. शाखेत तो स्वतः आणि एक प्रोजेक्टर. प्रोजेक्टरची वायर सुरक्षेच्या कारणास्तव दुसऱ्या विभागाच्या ताब्यात होती. उभ्या नोकरीत त्याने कुणाचा पाठलाग केला असेल तर तो चुकलेल्या बसचा. पण मोहल्ल्यात हे कोणाला पटणार? तो दिसला की तंदूरभोवती नान लावणाऱ्या बाया एकदम तंदूरच्या तोंडात डोकावायला लागत. चायखान्यातली माणसं हवापाण्याचं बोलत. सुरुवातीला सोबिरजोनला याची मोठी ऐट वाटे. पुढेपुढे जाच व्हायला लागला, कारण माणसाला कोणी काहीच सांगेनासं झालं की त्याचे हाल कुत्रा खात नाही. मोहल्ल्यातलं पाणी जाणार आहे हे त्याला अंगाला साबण लावल्यावर कळत असे.

याला अपवाद एकच. गाप.

गाप म्हणजे बोलणं, आणि ज्या बैठकीत ते चालतं तिलाही गापच म्हणतात. शाळेपासूनचे पाच-सहा मित्र, महिन्यातून एकदा आळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचं, पलाव, म्हणजे मटण-गाजर घातलेला भात, खायचा आणि पोटातलं सगळं ओकून मोकळं व्हायचं. दाताचा डॉक्टर उबैदुल्ला, न्हावी गुलोमजोन, भूगोलाचा मास्तर मिरझोहिद आणि आणखी दोघं. तिथे सोबिरजोन ‘त्या ऑफिसातला’ नसे, नुसता सोबिर असे. सासूपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार त्याच्या तोंडावर चाले, आणि कुणी खिडकी लावून घेत नसे. ती एक बैठक कोणी हिरावून घेतली असती तर सोबिरजोनपाशी फक्त बिनवायरचा प्रोजेक्टर उरला असता. हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

तर आधी माणसं. नोकरीची जाहिरात द्यायची, पण ऑफिस कुठलं आणि काम काय हे सांगायचं नाही, असा नियम. शेवटी मजकूर मंजूर होऊन आला तो असा: ‘एका कार्यालयाला काही कामासाठी काही माणसं हवी आहेत. अधिक चौकशी करू नये.’ कार्यालयाचा पत्ता वगळलेला होता, त्यामुळे अर्ज यायचे नाहीत अशी सोबिरजोनची खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा मोहल्ला त्याच्या दारात.

“सोबिरजोन-अका,” शेजारच्या हुरसनोय ओपा म्हणाल्या. तिकडे थोरल्या भावाला अका, थोरल्या बहिणीला ओपा आणि आजोबांना ओता म्हणतात, आणि ज्याची भीती वाटते त्याला वय न बघता अका म्हणतात. “माझ्या जावयाला घ्या. इतकं सफाईने खोटं बोलतो, की लग्नानंतर वर्षभर आम्ही त्याला इंजिनियर समजत होतो.”

मोहल्ल्याचे वडीलधारे पीरमुहम्मद ओता काठी टेकत पुढे आले. “जावई नको. बडबडा आहे. माझ्या पुतण्याला घे. त्याने चार वर्षांत बायकोशी एक शब्द बोललेला नाही.”

“पण ओता, ही नोकरी त्या ऑफिसातलीच आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कुणी नाही,” ओता गंभीरपणे म्हणाले. “कसली जाहिरात आहे हेच कळेना, तेव्हा ओळखलं.”

मुलाखतींना सोबिरजोन अत्यंत सावधपणे बसला. पहिलाच प्रश्न, ‘या नोकरीबद्दल तुम्हाला कुठून कळलं?’ ज्याने सांगितलं तो तोंडाचा फुटका म्हणून बाद. ज्याने सांगितलं नाही तो काहीतरी लपवतो म्हणून बाद. असे जावई गेले, पुतणे गेले, लग्नात गाणारा एक गवई गेला. शेवटी तिघं निवडले, आणि ते तिघं हिरे निघाले. एक सदैव टिपणं काढायचा. दुसरा सोबिरजोनच्या खांद्यावरून वाकून काम शिकायचा. तिसऱ्याला स्वच्छतेचं इतकं वेड, की रोज साहेबांचं टेबल पुसायचा, खण उघडून आतूनसुद्धा. सोबिरजोन भरून पावला. मग एके दिवशी जिन्यात सरहद्द विभागाचे प्रमुख भेटले आणि मायेने म्हणाले, “तुमच्या खणातलं ते पोटाचं औषध बदलून बघा. ते गरम पडतं.” सोबिरजोन जिन्यातच बसला. तिघं हिरे तीन वेगवेगळ्या विभागांनी त्याच्यावर नजर ठेवायला पेरलेले होते. बाकीच्या दोन विभागांना आपल्याबद्दल काहीच वाटत नाही, याचं त्याला उगाच वाईट वाटलं.

तरी त्याने त्यांना तरबेज करायचं ठरवलं. हेर असले म्हणून काय झालं, माणसं वाढली हे दाखवायला चालत होते. चोरसूच्या घुमटाखालच्या बाजारात पाठलागाचा पाठ ठेवला. बाजार गोल. सोबिरजोनने तिघांना वेगवेगळं गाठून कानात सांगितलं, “इथला सगळ्यात संशयास्पद माणूस हेरा आणि त्याची पाठ सोडू नका.” पहिल्याला दुसरा संशयास्पद वाटला. दुसऱ्याला तिसरा. तिसऱ्याने पहिल्याला हेरलं. जिऱ्याच्या ढिगांपासून मांसाच्या आकड्यांपर्यंत आणि तिथून परत जिऱ्यापर्यंत तिघं गोल फिरायला लागले. आपण शिकवलेलं बरोबर चाललंय का हे बघायला सोबिरजोनही त्यांच्या मागे निघाला. बऱ्याच फेऱ्यांनंतर सुक्या दह्याच्या गोळ्या विकणारी एक बाई त्याला कळवळून म्हणाली, “अका, दमला असाल. बसा इथे. ते काय, येतीलच पुन्हा इकडून.”

सोबिरजोन बसला. तिने दिलेल्या दह्याच्या गोळीत काही कालवलं तर नसेल, या शंकेने ती खिशात टाकून घरी आला.

राहिली तिसरी गोष्ट. पाच विभाग एकमेकांना माहिती देतील कसे? सोबिरजोनने प्रत्येकाकडे खेटे घातले. एक म्हणाले, आधी त्यांनी द्यावी. दुसरे म्हणाले, आमच्याकडे माहितीच नाही. तिसऱ्यांनी, आपल्याकडे माहिती आहे किंवा नाही हीच गुप्त माहिती आहे, असं सांगितलं. त्या महिन्याच्या गापला तो थकून गेला, बुटक्या मेजाखाली पाय पसरून बसला, आणि गुलोमजोन कोकंदच्या मावसभावाच्या लग्नाची हकिगत सांगत असताना त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हेच की! इथे बघा, कुणी विचारत नाही, कुणी सही मागत नाही, आणि बातम्या नुसत्या वाहताहेत! ऑफिसात गाप सुरू केली तर?

आता एवढ्यावर थांबला असता तर तो सोबिरजोन कसला. गाप नेमकी चालते कशी, याचा तिथेच अभ्यास करायला लागला. आधी कोण बोलतं, कुणाच्या बोलण्यावर कोण हसतं, पलाव किती संपला की जीभ सैल होते.

“सोबिर,” गुलोमजोन मध्येच थांबून म्हणाला, “तू असा का बघतोयस? माझ्या दाढीत भात अडकलाय का?”

“नाही, नाही. तू बोल. मावसभावाचं तू आपणहून सांगायला लागलास, की कुणी विचारलं म्हणून?”

दाताचा डॉक्टर उबैदुल्ला हातातला घास खाली ठेवून म्हणाला, “लेका, तू मोजतोयस आम्हाला?”

सगळे हसले. सोबिरजोनही हसला. पण मावसभावाचं लग्न त्या दिवशी अर्धवटच राहिलं, आणि मग मिरझोहिद मास्तर यंदा थंडी लांबली असं म्हणाले. गापमध्ये हवापाण्याचं बोलणं आजवर कधी झालं नव्हतं. हे सोबिरजोनच्या ध्यानात आलं. पण पुढच्या कामाच्या नादात तो ते विसरला.

काम म्हणजे मंजुरी. सरकारी गापला मटण लागणार, आणि प्रशिक्षणाच्या खर्चात मटण बसत नाही. वरून शंका आली: ‘पलाव’ हा सांकेतिक शब्द आहे का? सोबिरजोनने कळवलं, नाही, तो भात आहे. उलट टपाली विचारणा झाली: ‘भात’ हा कशाचा सांकेतिक शब्द आहे? शेवटी कंटाळून त्याने मटण घरचं घातलं.

पहिली पाळी कुणाची यावर पुन्हा अडलं. आपला पत्ता गुप्त आहे असं पाचही प्रमुखांनी सांगितलं. “मला तुमचा पत्ता माहीत आहे,” एक प्रमुख दुसऱ्याला म्हणाले, आणि त्या दोघांचं बोलणं तिथपासून बंद झालं. माहिती सांगितल्याचा हा त्या ऑफिसातला पहिला परिणाम. तेव्हा गाप सोबिरजोनच्याच घरी ठरली.

कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पाच काळ्या मोटारी मोहल्ल्याच्या पाच टोकांना थांबल्या आणि पाच जण कॉलर वर करून पाच गल्ल्यांतून आले. अख्ख्या मोहल्ल्याने ते आपापल्या दारात खुर्च्या टाकून पाहिलं. हुरसनोय ओपा डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून, दोन नान हातात घेऊन रडवेल्या चेहऱ्याने मागच्या दाराशी आल्या.

“मुकद्दस, बाई, कोण गं गेलं?”

“कोणी नाही गेलं, ओपा. जेवायला आलेत,” सोबिरजोनची बायको म्हणाली.

“असे? जेवायला?” ओपांनी खिडकीतून आत एक नजर टाकली आणि नान ठेवूनच गेल्या. म्हणाल्या, लागतील.

आत पलावचं मोठं ताट मध्ये ठेवलं होतं. सगळ्यांनी एकाच ताटातून खायचं. सोबिरजोन म्हणाला, घ्या. कुणी घेईना. पहिला घास दुसऱ्याने घ्यावा आणि त्याचं काय होतं ते बघावं, असा प्रत्येकाचा बेत. यजमानाने स्वतः घास घेतला, तर सगळे तो ताटाच्या कुठल्या बाजूने घेतो हे बघायला लागले. भात निवला. चरबी गोठून पांढरी पडायला लागली. दाराआडून मुकद्दस आपल्या हातच्या पलावचे हे धिंडवडे बघत होती, आणि तिचा जीव तुटत होता.

बऱ्याच वेळाने एक प्रमुख म्हणाले, “पलावात पिवळं गाजर आहे.”

बाकीचे चौघं त्यांच्याकडे वळले. “ही माहिती तुम्हाला कुठून मिळाली?”

त्यानंतर कोणी तोंड उघडलं नाही. शेवटी मुकद्दसचा संयम सुटला. तिने बाहेर येऊन पाचही पेले चहाने काठोकाठ भरले. आता, पाहुण्याच्या पेल्यात चहा दोन घोट ओतायचा, म्हणजे तो पुन्हापुन्हा मागतो आणि आपल्याला पुन्हापुन्हा मान देता येतो. काठोकाठ पेला म्हणजे हा प्या आणि चालायला लागा. शेंबड्या पोराला हे कळतं. पण प्रमुखांनी भरलेल्या पेल्यांकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत अर्थ चमकला. ही खूण होती! कसली, ते प्रत्येकाने मनाशी ठरवलं.

“अहो, ही माणसं देश सांभाळतात?” ते गेल्यावर मुकद्दसने विचारलं.

“हळू बोल,” सोबिरजोन म्हणाला.

पाचही प्रमुखांनी कर्नलसाहेबांना स्वतंत्रपणे, खासगीत, बाकीच्या चौघांना कळू न देता बातमी दिली. एका घरात गुप्त बैठक भरली. हजर माणसं एक अक्षर बोलली नाहीत, सगळा व्यवहार चहाच्या पेल्यांच्या खुणांनी झाला. मी जिवावर उदार होऊन आत शिरलो होतो, असं प्रत्येकाने सांगितलं. बातमीदाराचं नाव दुसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम कर्नलसाहेबांनीही पाळला. त्यामुळे त्यांच्या हिशेबाने एकाच दिवशी, एकाच वेळी पाच ठिकाणी पाच कट शिजले होते, आणि पाचही ठिकाणी पलाव! त्यांनी एका विश्वासू तपासनिसाला बोलावून हुकूम दिला, “या गाप प्रकाराचा छडा लावा. मटणाची मंजुरी सोबिरजोनने मागितली होती, तोच त्याच्या मुळाशी आहे.”

तपासनीस हुशार. त्याने विभागांना विचारलंच नाही. सरळ मोहल्ल्यात येऊन पीरमुहम्मद ओतांना विचारलं, सोबिरजोनची गाप कुणाबरोबर असते? ओतांनी जे होतं ते सांगितलं. न्हावी गुलोमजोन, डॉक्टर उबैदुल्ला, मिरझोहिद मास्तर.

सोबिरजोनला यातलं काही माहीत नव्हतं. तो दाढीला म्हणून गुलोमजोनच्या दुकानात गेला आणि खुर्चीत बसला. गुलोमजोनने फेस लावला, वस्तरा परजला आणि काम सुरू केलं. आणि बोलेना. चीनच्या बाजारापासून वरच्या आळीतल्या घटस्फोटापर्यंत एका गालात संपवणारा गुलोमजोन! गळ्याशी वस्तरा आणि न्हावी मुका, यापेक्षा भयंकर प्रसंग सोबिरजोनच्या नोकरीत कधी आला नव्हता.

“गुलोम, तब्येत बरी आहे ना?”

“आहे. आपली कृपा, सोबिरजोन-अका.”

सोबिरजोन चरकला. अका? आपली कृपा?

“मान जरा वर करा.”

करा! चौथीत असताना याने आपल्या दप्तरात बेडूक घातला होता, आणि आज मान वर ‘करा’?

“गुलोम, झालं तरी काय?”

गुलोमजोनने वस्तरा पुसला. “तुम्हाला काय विचारायचं होतं ते घरी येऊन विचारायचं. आम्ही सांगितलं नसतं का? बोलावणं कशाला पाठवलंत? मला नेलं, उबैदुल्लाला नेलं. उबैदुल्लाचा पेशंट तोंड उघडं टाकून खुर्चीत तसाच राहिला.”

“बोलावणं? कुठे?”

गुलोमजोनने हनुवटी किंचित वर केली आणि छताकडे बघितलं.

“देवाशपथ, मला यातलं काही माहीत नाही!”

“त्या ऑफिसात काम करता,” गुलोमजोन थंडपणे म्हणाला, “आणि माहीत नाही?”

खरं तेच होतं, आणि ते कोणाला पटणार नव्हतं. अर्ध्या गालाचा फेस तसाच राहिला होता. तो पुसून सोबिरजोन बाहेर पडला. त्या दिवशी तो फार दुखावला. चारचौघांत अपमान होणं वेगळं. हा एकट्या आरशासमोर झाला होता.

ऑफिसात त्याने चौकशी केली. कुणी दाद लागू दिली नाही. उलट जिथे जावं तिथे माणसं घोळक्याने उभी असायची आणि तो आला की पांगायची. आजवर त्या ऑफिसात दोन माणसं एकत्र उभी राहिलेली त्याने पाहिली नव्हती. नकाशेवाले टेलिफोनवाल्यांच्या खोलीतून बाहेर पडताना दिसले, तेही हसत. सोबिरजोनची पक्की खात्री झाली, आपल्याला धरणार. त्याने घरी येऊन मुकद्दसला लोकरीचे मोजे काढून ठेवायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी कर्नलसाहेबांचं बोलावणं आलं. तो गेला. साहेब उठून उभे राहिले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी सोबिरजोनला मिठी मारली.

“तुम्ही करून दाखवलंत!”

“मी... काय केलं साहेब?”

झालं होतं ते असं. तपासनिसाने गुलोमजोनला विचारलं, गापमध्ये काय बोलणं होतं? आता गाप मोडली असेल, मित्र तुटला असेल, पण असा प्रश्न विचारल्यावर गुलोमजोन गप्प बसणं निसर्गात बसत नाही. त्याने कोकंदच्या मावसभावाचं लग्न काढलं. वऱ्हाड आलं, शेकडो माणसांचा पलाव शिजवायची भली मोठी कढई चुलीवर चढवायला गेले, तर ऐन वेळी ती कढई नाहीशी झालेली. तेवढ्यात तपासनिसाची जेवणाची सुट्टी झाली आणि त्याने गुलोमजोनला घरी पाठवलं. त्याला घास जाईना. त्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारलं, तुम्हाला काय वाटतं, कढई कोणी नेली असेल? तो टेलिफोन विभागाचा. त्याने नकाशेवाल्यांना विचारलं. संध्याकाळपर्यंत पाचही विभाग कढईच्या मागे लागले. सरहद्दवाल्यांनी कोकंदच्या बाहेरचे रस्ते नकाशेवाल्यांकडून मागून घेतले. ज्यांनी आपल्या नावाचं पहिलं अक्षर एकमेकांना सांगितलं नव्हतं, ते जिन्यात उभं राहून संशयितांवर चर्चा करत होते.

“माहितीची देवाणघेवाण!” कर्नलसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे ओलावले होते. “परदेशातसुद्धा याला वर्षं लागतात. बरं, मला खासगीत सांगा, कढई वरमायनेच नेली ना?”

“साहेब, लग्न अर्धवट राहिलं होतं. मलाही माहीत नाही.”

“हरकत नाही. आता ते तुमचंच काम. ती गाप चालू राहिली पाहिजे. तुम्ही दर महिन्याला जायचं, नेहमीसारखं बसायचं, आणि तिथे बोललं गेलेलं सगळं इथे आणून द्यायचं. त्यांना अर्थात काही कळता कामा नये.”

सोबिरजोन बाहेर आला तेव्हा लोक त्याच्याकडे बघून हसत होते, हात मिळवत होते. प्रोजेक्टरची वायरसुद्धा कुणीतरी टेबलावर आणून ठेवली होती. उभ्या नोकरीत त्याचा एवढा मान झाला नव्हता, आणि त्याला आतून मेल्यासारखं झालं होतं.

“मग जाऊ नका,” मुकद्दस म्हणाली.

“गेलो नाही तर त्यांना वाटेल चोराच्या मनात चांदणं. आणि गेलो तर... खरंच चोर होऊनच जायचं.”

“त्यांच्यासमोर बसून खोटं वागायला जमेल तुम्हाला? मटण महाग आहे म्हणून कमी आणलं, एवढी थाप तुम्हाला माझ्यापुढे मारता येत नाही.”

पुढची पाळी उबैदुल्लाची होती. अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली सगळे जमले होते. सोबिरजोन दारात आला आणि बोलणं थांबलं. जसं तंदूरपाशी थांबतं, चायखान्यात थांबतं, तसंच. “या, सोबिरजोन-अका,” उबैदुल्ला म्हणाला आणि त्याने वरची, मानाची जागा दाखवली. आजवर तो दाराजवळच्या जागेवर, गुलोमजोनला ढकलून बसत असे. तो मानाच्या जागेवर जाऊन बसला. यंदा द्राक्षांना पाणी कमी पडलं, असं मिरझोहिद मास्तर म्हणाले. मग उबैदुल्लाने चहा ओतला आणि पेला सोबिरजोनपुढे ठेवला. काठोकाठ भरलेला. एक थेंब जास्त पडला असता तर सांडला असता.

सोबिरजोनने पेल्याकडे पाहिलं. उठून जावं असं त्याला फार वाटलं. पण तो बसून राहिला. आणि मग जे त्या ऑफिसातल्या कोणीही कधी केलं नव्हतं ते त्याने केलं.

“मला तुमच्यावर नेमलंय,” तो म्हणाला.

उबैदुल्लाने चहाची किटली खाली ठेवली.

“तुम्ही इथे बोलता ते सगळं मी दर महिन्याला तिकडे पोचवायचं, आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही, असा हुकूम आहे. आता कळलं. हे सांगितल्याबद्दल मला कुठेही पाठवतील. आणि तुम्हाला तिकडे नेलं ते माझ्याच मूर्खपणामुळे. ऑफिसात गाप काढायला गेलो मी. पाच जण आले आणि पिवळ्या गाजराशिवाय एक शब्द बोलले नाहीत. वाटलं होतं, इथे जे आहे ते तिथे नेता येईल. तिथे तर काही गेलं नाही, आणि इथलंही... तुम्ही मला अका म्हणायला लागलात रे.”

बायकोशीसुद्धा तो कधी एवढं एका दमात बोलला नव्हता.

मग गुलोमजोन दाराजवळच्या जागेवरून घसा खाकरून म्हणाला, “म्हणजे माझी गोष्ट तिथे सगळ्यांनी ऐकली?”

“सगळ्यांनी. कर्नलनेसुद्धा. वरमायनेच कढई नेली का, विचारत होता.”

“वरमाय?” गुलोमजोन ताठ झाला. “कर्नलला वरमायचा संशय आहे?”

“सरहद्दवाल्यांचा नवऱ्याच्या काकांवर आहे.”

“काका!” उबैदुल्लाने मांडीवर थाप मारली. “काका बरा आहे! काकाचं सांगू या!”

“छे, छे, काका लगेच सापडेल. वर्षभर पुरायला हवं. आधी आचाऱ्यावर जाऊ द्या.” मिरझोहिद मास्तर पुढे सरसावले. “आणि कढई फरगान्याच्या बाजूला गेली म्हणा. तिकडे वळणं फार आहेत.”

“माझं नाव त्यात घाला,” आजवर गापमध्ये कधी फारसं न बोललेला एक मित्र हळूच म्हणाला. “थोडं धोकादायक करून.”

“मला कढईच्या आत लपवा,” उबैदुल्ला म्हणाला. “डॉक्टर होता म्हणावं, दातावरून चोर ओळखला.”

सगळे एकदम बोलायला लागले. कुणी पलावच्या ताटावर बोटाने कोकंदचा रस्ता काढला, कुणी आचाऱ्याला दोन बायका दिल्या. सोबिरजोन एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. ऑफिसात शिकलेलं एक कर्तव्य त्याच्या अंगात अजून थोडं शिल्लक होतं, ते उफाळून आलं.

“पण खरं काय झालं ते सांगितलं तर? म्हणजे कढई खरंच कोणी—”

“कोणी नाही नेली!” गुलोमजोन खेकसला. “कल्हई करायला दिली होती, ती परत आली. यात काय आहे सांगण्यासारखं? तू गप्प बस लेका. तुला काय कळतंय बातमीतलं?”

आणि त्याला कोपराने ढकलून गुलोमजोन शेजारी येऊन बसला. सोबिरजोन गप्प बसला. इतका मनापासून गप्प तो आयुष्यात कधी बसला नव्हता.